पोटातले वस्ताद

कोल्हापुरात कुठल्याही औषध दुकानाच्या काउंटरशी थोडा वेळ उभं राहावं. घसा धरलेलं, नाक गळणारं, पोट बिघडलेलं गिऱ्हाईक येतं आणि अँटिबायोटिकची पट्टी घेऊन जातं. त्या पट्टीवरच्या नावापुढे बरेचदा 'एलबी' ही दोन अक्षरं असतात. एलबी म्हणजे लॅक्टिक अॅसिड बॅसिलस. औषधानं पोटातले चांगले जीवाणू मरतात, म्हणून त्याच गोळीत थोडे चांगले जीवाणूही घातले आहेत, असा त्याचा अर्थ. मारेकरी आणि भरपाई एकाच वेष्टनात. त्यातला जीवाणू वर्षानुवर्षं 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' या नावानं खपला. मुळात तो लॅक्टोबॅसिलस नव्हेच, बॅसिलस कोअॅग्युलन्स आहे. माणसाच्या आतड्यात तो घर करत नाही, पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

या गोळीवर माझा आक्षेप आहे तो तिच्यामागच्या हिशेबाबद्दल. शेकडो जातींच्या वस्तीत नासधूस करायची आणि बाहेरून एक जात आणून सोडली की फिटंफाट झाली असं मानायचं, हा तो हिशेब. त्यामुळे अँटिबायोटिक घेताना मनात जी थोडीफार भीती असायला हवी, तीही जाते. आतड्यातल्या जीवाणूंबद्दल गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे कळलं आहे, ते या हिशेबाच्या नेमकं विरुद्ध जातं. हे जीवाणू विकत आणता येत नाहीत, पोसावे लागतात. आणि त्यांना पोसण्याचं काम जेवढं घरातलं आहे तेवढंच महापालिकेचं आणि दवाखान्याचंही आहे.

आधी आकड्यांचा एक गैरसमज. माणसाच्या पेशींच्या दहापट जीवाणू त्याच्या अंगात असतात, असं व्याख्यानांत अजूनही सांगितलं जातं. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ साली हा हिशेब नव्यानं मांडला. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू. म्हणजे जवळपास बरोबरी. या जीवाणूंचं सगळं वजन २०० ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आकडा दहापटीवरून खाली आला म्हणून त्यांचं महत्त्व काही कमी होत नाही.

या जीवाणूंकडे आपण शत्रू म्हणूनच पाहत आलो. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस स्वतःला टोचून घेणारा वाल्डेमार हाफकिन ज्याचा विद्यार्थी, तो एली मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होता. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे त्यानं दाखवलं आणि १९०८ चं नोबेल मिळवलं. दही खाणारे बल्गेरियन लोक दीर्घायुषी असतात, ही गोष्ट जगभर पसरवली तीही त्यानंच. पण तो दह्याची शिफारस करत होता ती मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना दाबून टाकण्यासाठी. मोठं आतडं म्हणजे शरीरात विष कालवणारं सडकं गटार, असं त्याचं मत. आजच्या प्रोबायोटिक जाहिरातींचा हा आजोबा आतड्यातल्या मूळ रहिवाशांचा वैरी होता, हे जाहिरात करणारे सांगत नाहीत.

त्याचं हे मत पुढे कोसळलं. १९५४ साली मार्जरी बोनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना स्ट्रेप्टोमायसिनचा एक डोस दिला आणि मग साल्मोनेला हा रोगजंतू पाजला. एरवी उंदीर आजारी पडायला लाखभर जंतू लागत. आता दहापेक्षाही कमी पुरे झाले. पोटात आधीपासून राहणाऱ्यांनी जागा आणि अन्न अडवून ठेवलेलं असतं, म्हणून बाहेरच्याला शिरकाव मिळत नाही. प्रतिकाराची ही पहिली आणि अगदी ढोबळ पायरी झाली.

खरी गंमत पुढे आहे. जन्मापासून एकही जीवाणू शिवू न देता वाढवलेले उंदीर प्रयोगशाळेत असतात. त्यांच्या आतड्याच्या भिंतीतल्या लसिकांच्या गाठी खुरटलेल्या राहतात. आतड्याच्या आतल्या थरावर पहारा देणारी आयजीए ही प्रतिपिंडं तुटपुंजी बनतात. म्हणजे प्रतिकाराची यंत्रणा शरीराच्या आराखड्यात असते, पण ती उभी राहायला जीवाणूंचा सहवास लागतो. आणि उभी राहणं म्हणजे नुसतं बळ येणं नव्हे. जपानच्या केन्या होंडा यांच्या गटानं २०११ साली दाखवलं, की क्लोस्ट्रिडियम कुळातल्या काही निरुपद्रवी जाती आतड्यात असतील तर प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशी, ज्यांना नियामक टी पेशी म्हणतात, त्या वाढतात. दोन वर्षांनी त्याचा दुवाही सापडला. आपल्याला न पचणारा धान्या-भाज्यांचा चोथा हे जीवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा त्यातूनच मिळवतात, आणि नियामक टी पेशी घडायलाही तेच मदत करतं.

तालीम म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. अंगात रग असलेलं पोर वस्तादाच्या हाताखाली येतं तेव्हा त्याला डाव शिकवले जातात, तसंच रस्त्यावर कुणावर हात उचलायचा नाही, हेही शिकवलं जातं. दुसरी शिकवण राहिली तर पहिलीचं वाटोळं होतं. आतड्यातले जीवाणू प्रतिकारशक्तीला ही दुसरी शिकवण देतात. जेवणातल्या शेंगदाण्यावर, परागकणावर, स्वतःच्याच स्वादुपिंडावर धावून न जाणं हे शिकावं लागतं. ते शिकायचा मुख्य काळ आयुष्याची पहिली दोन-तीन वर्षं.

ही शिकवण राहून गेली तर काय होतं, याचा एक नमुना फिनलंड आणि रशियाच्या सीमेवर आहे. दोन्हीकडच्या लोकांची आनुवंशिक घडण बरीच मिळतीजुळती. तरी फिनलंडमध्ये मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह पलीकडच्या रशियन करेलियाच्या सहापट. २०१६ मध्ये संशोधकांनी दोन्हीकडच्या तान्ह्या बाळांचे जीवाणू तपासले. फिनलंडच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स नावाचे जीवाणू जास्त होते, आणि त्यांच्या बाह्य आवरणातला रेणू प्रतिकारयंत्रणेला जागंच करत नव्हता. वस्ताद होता, पण तो गप्प बसून होता. एवढ्यावरून मधुमेहाचं सगळं कारण सापडलं असं म्हणता येत नाही, पण दिशा कळते.

आता हे समोर ठेवून 'प्रतिकारशक्ती वाढवा' या हाकाटीकडे पाहावं. कोरोनाच्या काळात काढे, चूर्णं, सरबतं आणि गोळ्या याच एका वाक्यावर विकल्या गेल्या. त्याच काळात, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानं सुमारे एक तृतीयांशानं घटतात. डेक्सामेथासोन करतं काय? प्रतिकार दाबतं. अत्यवस्थ रुग्णांना जीवघेणी ठरत होती ती बेभान झालेली प्रतिकारशक्तीच. इतका ढळढळीत पुरावा समोर असतानाही आपण ती 'वाढवत' राहिलो.

मग प्रोबायोटिकची कॅप्सूल घेऊन ही तालीम भरवता येईल का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एका गटानं २०१८ साली याची थेट परीक्षा घेतली. अँटिबायोटिक दिल्यानंतर काही जणांना अनेक जातींचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही, आणि काहींना औषधाआधी साठवून ठेवलेले त्यांचेच स्वतःचे जीवाणू परत दिले. स्वतःचे परत मिळालेल्यांची वस्ती काही दिवसांत सावरली. काहीच न घेतलेल्यांची हळूहळू सावरली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची सगळ्यात उशिरा. बाहेरून आलेल्यांनी मूळ रहिवाशांची वाट अडवली. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरकस अँटिबायोटिकं दिली गेली. दीड महिन्यात बहुतेक वस्ती परतली, पण सहा महिन्यांनंतरही नऊ नेहमीच्या जाती बहुतेकांत सापडल्या नाहीत.

इथं माझ्या मुद्द्याला न मानवणारी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती भारतातली आहे आणि मोठी आहे. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'नेचर'मध्ये आले. आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जीवाणू दिल्यावर जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण नऊ टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांच्या आत आलं. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा फार मोठा फरक आहे. पण त्या चाचणीचे तपशील पाहावेत. जीवाणू पारखून निवडलेला होता, वेळ आयुष्याच्या पहिल्याच दिवसांतली होती, जेव्हा आतड्यात जागा रिकामी असते; आणि जीवाणूसोबत त्याचं खाद्यही, फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड, दिलेलं होतं. मोठ्या माणसानं सर्दीच्या गोळीसोबत गिळलेल्या एलबीशी याचा संबंध नाही.

खाद्याच्या मुद्द्यावर मात्र कोल्हापुरानं स्वतःकडे नीट पाहायला हवं. मार्गशीर्षात सौंदत्तीहून मानाचे जग, म्हणजे डोक्यावर वाहून नेलेली देवीची प्रतीकं, परतले, की ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. नैवेद्याच्या ताटात ज्वारीची आंबील असते, भाकरी, वरण्याची नि वांग्याची भाजी, मेथी, कांद्याची पात, गाजर असतं. आतड्यातल्या जीवाणूंसाठी कुणी मुद्दाम ताट वाढायचं म्हटलं तर यापेक्षा फार वेगळं वाढता येणार नाही. आंबील आंबवलेली असते म्हणून ती 'नैसर्गिक प्रोबायोटिक', असं आता सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. पीठ आंबवून मग शिजवलं की त्यातले बहुतेक जीवाणू मरतात. थंड झाल्यावर ताक घातलं तर तेवढे जिवंत. आंबीलीचं मोल मला जास्त वाटतं ते तिच्यातल्या ज्वारीत. ताटातला वरणा, मेथी, पात यांच्यात जे न पचणारं असतं, तेच आतल्यांचं जेवण.

हे ताट आता देवीपुढे जास्त आणि घरात कमी दिसतं. जिल्ह्याची शिवारं उसानं व्यापली. हुलगा, वरणा, पावटा, नाचणी बांधाला गेली, मग बांधावरूनही गेली. ऊस घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. हमखास भाव आणि कारखाना दारात असताना हुलगा कोण पेरेल? पण शिवारातलं पीक बदललं की ताट बदलतं, आणि ताटाबरोबर पोटातली वस्ती. इथल्या मिसळीचंच पाहा. तिच्या तिखटाला जे नाक मुरडतात त्यांनी मोड आलेल्या मटकीकडे पाहावं; आतल्या जीवाणूंची ती आवडती मेजवानी आहे, आणि पोटात होणारा गुडगुडाट म्हणजे पंगत बसल्याची खूण. गडबड आहे ती सोबतच्या मैद्याच्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये. त्यात आतल्यांच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळांनी आपल्या पोटांचा थोडा नकाशा काढला आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांचे नमुने तपासले आणि पुढे भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फिरा हे जीवाणू विशेष आढळतात, असं २०१६ साली मांडलं. आघारकर संशोधन संस्थेसोबतच्या कामातून २०१४ मध्ये एका नव्या जातीला मेगास्फिरा इंडिका असं नावही मिळालं. प्रिव्होटेला हा चोथा खाणाऱ्या समाजांचा सोबती. आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो भरपूर असतो. तो टिकेलच असं नाही. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या हमोंग आणि करेन निर्वासितांत प्रिव्होटेला घटून बॅक्टेरॉइड्स वाढताना संशोधकांनी पाहिले. बदल पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाला आणि तिथं जन्मलेल्या पुढच्या पिढीत आणखी खोल गेला. उंदरांवरच्या एका प्रयोगात तर चार पिढ्या चोथ्याविना काढल्यावर काही जाती अशा नाहीशा झाल्या, की पुन्हा चोथा देऊनही परतल्या नाहीत. कोल्हापूरच्या माणसाला यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. पाकिटातलं खाणं गल्लीच्या टोकावर मिळतं.

चोथा म्हणजे रामबाण, असंही नाही. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या एका छोट्या चाचणीत भरपूर चोथा खाणाऱ्या गटात जीवाणूंची विविधता सरसकट वाढली नाही. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्या गटात ती वाढली आणि दाह दाखवणारी प्रथिनं घटली. कदाचित ज्यांच्या आतड्यातले चोथा खाणारे आधीच संपले, त्यांना नुसता चोथा देऊन भागत नसावं. म्हणजे ताक आणि भाकरी यांत निवड करायची गरज नाही. दोन्ही हवीत, आणि ती लहानपणापासून हवीत.

मला सगळ्यात आशादायक वाटतं ते ढाक्याचं काम. जेफ्री गॉर्डन आणि तहमीद अहमद यांच्या गटानं आधी निरोगी बाळांच्या आतड्यात कुठले जीवाणू कुठल्या वयात येतात ते पाहिलं. कुपोषित बाळांची वस्ती वयाच्या मानानं कच्ची असते, हे त्यातून दिसलं. मग ती वस्ती पिकवतील असे पदार्थ त्यांनी शोधले. निघाले काय, तर हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्ची केळी. २०२१ साली जाहीर झालेल्या चाचणीत या मिश्रणात नेहमीच्या उपचारी आहारापेक्षा कॅलरी कमी होत्या, तरी त्यावरची मुलं चांगली वाढली. यातलं एकही नाव कोल्हापूरच्या आठवडी बाजारात परकं नाही. अंगणवाडीत मुलांना काय मिळतं याची चर्चा आपण कॅलरी आणि प्रथिनं यांच्या ग्रॅमांत करतो. ती चर्चा आतल्या वस्तीच्या अंगानंही करायची वेळ आली आहे.

इथपर्यंत वाचून 'म्हणजे जुनं तेच खरं, आम्ही मातीत खेळलो, ओढ्याचं पाणी प्यालो, काही झालं नाही' असं म्हणणारे खूश होतील. त्यांच्याशी माझं भांडण प्रोबायोटिकवाल्यांशी आहे त्यापेक्षा मोठं आहे. ज्यांना काही झालं, ते सांगायला उरले नाहीत. उरलेल्यांचंही काय होतं, ते एका लशीत दिसतं. रोटाव्हॅक ही रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची भारतीय लस पुणे, दिल्ली आणि वेल्लोर इथल्या बाळांवर तपासली गेली. गंभीर जुलाबांपासून पहिल्या वर्षात तिनं दिलेलं संरक्षण सुमारे ५६ टक्के भरलं. रोटाव्हायरसच्या लशींनी श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांच्या वर मजल मारलेली आहे. लसच कमअस्सल असं म्हणता येत नाही, कारण परदेशी लशीही गरीब देशांत अशाच कमी पडतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं, कुपोषण, आणि दूषित पाण्यातून सतत शिरणाऱ्या जंतूंनी सुजलेलं, गळकं आतडं, असे त्याचे धागे दिसतात. तालमीच्या आखाड्यात रोज दगडफेक होत असेल तर तिथं कुणी काही शिकत नाही.

म्हणून मातीचा कैवार आणि सांडपाण्याचा कैवार यांची गल्लत करू नये. जयंती नाल्यातून पंचगंगेत जे जातं ते कुणाच्याही आतड्याला घडवत नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली आणि त्यात माणसं गेली. ती नळाच्या पाण्यातून आली होती. गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिण्याचीही मौज आहे, नाही असं नाही. युरोपात शेतावर वाढलेल्या, कच्चं दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी आढळतो, हेही खरं. पण हे अभ्यास करणाऱ्यांनीच कच्च्या दुधाची शिफारस करायला नकार दिला, कारण त्यातून आजारांचे जंतूही येतात; क्षय आणि ब्रुसेलोसिस हे त्यातलेच. दूध तापवून प्यावं. त्याचं दही लावलं की जीवाणू तसेही मिळतात.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात. सिझेरियनच्या बाळाला आईच्या योनीमार्गातले आणि आतड्यातले जीवाणू मिळत नाहीत, त्वचेवरचे आणि दवाखान्यातले आधी मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली चौथा हिस्सा बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात. गरज असेल तिथं शस्त्रक्रिया जीव वाचवते, तिथं जीवाणूंचा प्रश्नच येत नाही. पण त्या बाळाला चीक मिळायलाच हवा. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम या आतड्यातल्या जीवाणूसाठी असतात. चीक पिळून टाकून बाळाच्या ओठाला मध लावणारी आजी अजून कोल्हापुरातल्या शिकलेल्या घरांतही भेटते.

उरलं औषध. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' लागू आहे. त्यातली अँटिबायोटिकं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची. अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल रेघही असते. वही आणि रेघ दोन्ही आहेत, तरी व्हायरसच्या सर्दीवर अँटिबायोटिक जातंच. सगळा दोष डॉक्टरच्या माथी मारणं सोपं आहे. पण रुग्णाला हात लावून, घसा पाहून, 'हे तीन दिवसांत आपोआप बरं होईल, कोमट पाणी प्या' असं सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल आपण बाहेर काय बोलतो? 'त्यांच्याकडं जाऊन काय उपयोग, काय देतच न्हाईत.' मग पुढच्या खेपेला आपण दुसऱ्या दवाखान्यात जातो, जिथं सुई मिळते आणि एलबीची पट्टीही मिळते. पहिल्या डॉक्टरची खुर्ची रिकामी राहते, आणि तोही कधीतरी लिहायला लागतो. फी फक्त औषधाची नसून न दिलेल्या औषधाचीही असू शकते, हे कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला पटलं, तर एलबी जोडलेल्या पट्ट्यांचा खप आधी घटेल, आणि काउंटरवरच्या वहीत लिहायचं कामही.